एआरटी घेणाऱ्यांना पोषणाची मदत : कोणाला, कधी आणि कशाची

प्रश्न असा आला आहे : बीड जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेकडे वर्षभर पुरेल इतकी देणगी जमा झाली आहे. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रातून औषधे घेणाऱ्या चाळीस जणांना दर महिन्याला प्रोटीन पावडरचा एक डबा द्यावा, असा संस्थेचा विचार आहे. हा खर्च योग्य ठरेल का, नसेल तर काय द्यावे आणि किती दिवस द्यावे, असे कार्यकर्त्यांनी विचारले आहे. मराठवाड्यात एआरटी घेणाऱ्यांच्या आहार-समुपदेशनाचे काम मी अनेक वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून आणि या विषयावर झालेल्या अभ्यासांच्या आधारे हे उत्तर लिहिते.

थेट सांगायचे तर चाळीस जणांना सरसकट डबे वाटू नयेत. आधी सर्वांचे वजन आणि उंची मोजावी. त्यांतले जे खरोखर खंगलेले आहेत, ज्यांचे औषध नुकतेच सुरू झाले आहे किंवा ज्यांना जोडीला क्षयरोग आहे, अशांना सहा महिने घरात शिजेल असा भरघोस शिधा द्यावा. उरलेल्यांसाठी तोच पैसा रेशनकार्ड, निराधार अनुदान आणि केंद्रापर्यंतचा प्रवासखर्च यांवर लावावा. असे का म्हणते ते पुढे मांडते.

एचआयव्हीमध्ये वजन उतरण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. विषाणूशी आणि त्याच्या आडून येणाऱ्या इतर संसर्गांशी झुंजताना शरीर बसल्या जागी जास्त ऊर्जा खर्च करते. आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशी या आजारात फार लवकर नष्ट होतात, त्यामुळे खाल्लेले नीट अंगी लागत नाही. तोंड आलेले असते, जेवणावरची वासना उडालेली असते, आणि या सगळ्यात मजुरी बुडालेली असल्याने घरातले धान्यही कमी झालेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये जो हिशेब मांडला तो आजही उपयोगी पडतो. लक्षणे नसलेल्या प्रौढाची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आजारपणात आणि त्यातून उठताना ती २० ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि वजन घटत चाललेल्या मुलांत ५० ते १०० टक्क्यांनी. प्रथिने निरोगी माणसापेक्षा वेगळी वाढवून द्यावीत, असे सांगण्याइतका पुरावा मात्र त्या वेळी मिळाला नव्हता. म्हणजे बहुतेक घरांत मुळात तूट असते ती एकूण अन्नाची. पोटात पुरेसे अन्न नसेल तर वेगळी दिलेली प्रथिने शरीर सरपणासारखी जाळून टाकते, त्यांचे स्नायू बनत नाहीत.

डब्याचा हिशेब इथेच लागतो. बाजारातल्या साधारण पावडरींवर छापलेले आकडे पाहिले, तर दोन चमचे म्हणजे १५ ग्रॅम पावडरीतून जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने आणि ५५ ते ६० किलोकॅलरी मिळतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने आणि १६० ते १७० किलोकॅलरी मिळतात, आणि त्याला खर्च फारच कमी येतो. शिवाय २०० ग्रॅमचा डबा दोन आठवड्यांत संपतो. त्यातही घरात डबा उघडला की पहिले चमचे पोरांच्या दुधात जातात. आईने ते तसे द्यावेत यात वावगे काही नाही, पण मग ज्याच्या नावाने आपण खर्च टाकला त्याच्या वाट्याला काय आले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता मदत कधी करायची ते पाहू. औषध सुरू झाल्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने सर्वांत नाजूक असतात. मलावीतील थ्योलो या ग्रामीण जिल्ह्यातून २००६ मध्ये जी माहिती पुढे आली तीत, औषध सुरू करताना ज्यांचा बॉडी मास इंडेक्स १६ च्या खाली होता त्यांचा पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे सहापट आढळला. हा इंडेक्स काढणे सोपे आहे : किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ४७ किलोच्या आसपास असेल तर तो १८.५ या कुपोषणाच्या रेषेवर असतो, आणि ४१ किलोवर तो १६ च्या रेषेला टेकतो. १५० सेंटिमीटरच्या बाईसाठी हेच आकडे साधारण साडेएकेचाळीस आणि ३६ किलो असे येतात. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, तेव्हा औषध मिळण्यासाठी सीडी-४ (रोगप्रतिकारशक्तीच्या) पेशी बऱ्याच घसरलेल्या असाव्या लागत, त्यामुळे खंगलेली माणसे खूप दिसत. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले आणि चित्र पालटले. आज चाळिसांच्या यादीत खरोखर खंगलेले लोक दहा-बाराच्या पुढे सहसा जाणार नाहीत. पण जे उशिरा पोहोचतात, ते आजही जुन्या काळाइतक्याच वाईट अवस्थेत येतात. संस्थेचा पैसा त्यांच्यासाठी हवा.

अन्न दिल्याने नेमके काय साधते, याची तपासणी आफ्रिकेत फार काळजीपूर्वक झाली आहे, आणि तिचे निष्कर्ष आपल्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावेत असे मला मनापासून वाटते. मलावीतील ब्लँटायर येथे, औषध सुरू होत असलेल्या खंगलेल्या प्रौढांपैकी काहींना शेंगदाण्याचा पौष्टिक लगदा आणि काहींना मका-सोयाबीनचे पीठ देण्यात आले. साडेतीन महिन्यांत लगदा खाणाऱ्यांचे वजन अधिक वाढले, पण मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. झांबियातील लुसाका आणि टांझानियातील म्वांझा येथील मोठ्या अभ्यासात १८.५ च्या खालच्या रुग्णांना अशाच आहाराबरोबर जादा जीवनसत्त्वे आणि क्षार दिले गेले, तरी बारा आठवड्यांतील मृत्यू त्यामुळे कमी झाले नाहीत. युगांडा, झिम्बाब्वे, मलावी आणि केनिया या चार देशांत, आजार बराच पुढे गेलेल्या रुग्णांना पूरक आहार देऊन पाहिला, तेव्हाही वजन वाढले आणि मृत्यूंचा आकडा तसाच राहिला. याउलट टांझानियातील दार-एस-सलाम येथे जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले, तर फायदा दिसला नाहीच, उलट यकृतावर ताण आल्याची चिन्हे दिसली आणि तो अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. म्हणून महागड्या ‘ताकदीच्या’ गोळ्या आणि इंजेक्शने यांवर संस्थेने एक रुपयाही घालू नये.

या निष्कर्षांवरून अन्नाचा उपयोग नाही असा अर्थ काढणे चूक होईल. इथिओपियातील जिमा येथे पूरक आहाराने वजनाबरोबर स्नायूही भरले. लुसाकातच आणखी एका कामात असे दिसले की, ज्या घरांत अन्नाची मदत पोहोचली तिथले रुग्ण औषध अधिक नेमाने घेऊ लागले, आणि माझ्या मते गरीब भागात अन्नाच्या मदतीचे सर्वांत मोठे फळ हेच आहे. मृत्यू का थांबले नाहीत, याचे कारण बहुधा असे की इतका खंगलेला माणूस नुसत्या उपासमारीने खंगलेला नसतो. त्याच्या अंगात क्षयरोग, बुरशी किंवा आतड्यांचा जंतुसंसर्ग ठाण मांडून बसलेला असतो. त्याचा शोध न घेता शिधा देत राहिलो तर वजन चार किलोंनी वाढल्यासारखे दिसते आणि माणूस हातचा जातो.

त्यामुळे शिधा हातात देण्याआधी चार गोष्टी प्रत्येकाला विचाराव्यात : खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरले का, रात्री घाम फुटतो का. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी क्षयरोगाची तपासणी व्हायला हवी. तोंड उघडायला सांगून जीभ आणि टाळू पाहावेत. खरवडून निघणारा पांढरा थर असेल आणि घास गिळताना छातीत दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेपर्यंत उतरलेली असते, आणि तिच्यावर औषध मिळाल्याशिवाय तो माणूस पोटभर जेवूच शकत नाही. महिनाभर जुलाब चालू असतील तर शौचाची तपासणी हवी. आणि ज्याचे औषध जुने आहे, तरीही वजन उतरते आहे, त्याची व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची, तपासणी कधी झाली ते ग्रीन बुकमध्ये, म्हणजे एआरटी केंद्राच्या रुग्ण-पुस्तिकेत, पाहावे. सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी होते. गोळ्या चुकत असतील किंवा लागू पडत नसतील तर ते तिथे कळते. दोन भेटींच्या दरम्यान वजन ५ टक्क्यांनी उतरले तर डॉक्टरांना सांगावे, आणि १० टक्क्यांनी उतरले तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये.

क्षयरोगाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण इथे अन्नाचे फळ अगदी ठळक दिसले आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या प्रयोगात क्षयरुग्णांना महिन्याला सुमारे १० किलोचा शिधा देण्यात आला. त्यात तांदूळ, भाजक्या हरभऱ्याचे पीठ, दूध पावडर आणि तेल होते, आणि त्यातून रोज १२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. घरातल्या इतरांनाही शिधा दिला गेला, तेव्हा त्यांच्यात नव्याने होणारा क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णांच्या बाबतीत असे दिसले की, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका निम्म्याहूनही खाली आला. हे रुग्ण प्रामुख्याने एचआयव्ही नसलेले होते, तरीही एचआयव्ही आणि क्षयरोग दोन्ही असलेल्यांना आपल्या यादीत पहिले स्थान देण्यास एवढा आधार पुरेसा आहे. घरातल्या सर्वांसाठी शिधा द्यावा हा धडाही तिथूनच घ्यावा. एका ताटापुरता दिलेला शिधा भरल्या घरात एका ताटात कधीच राहत नाही.

मग शिध्यात काय असावे? खंगलेल्या माणसाला रोजच्या जेवणावर ५०० ते ६०० किलोकॅलरी जादा मिळाव्यात असा अंदाज धरावा. दोन किलो शेंगदाणे, एक किलो फुटाणे, एक किलो तूरडाळ, एक किलो गूळ, अर्धा लिटर तेल आणि तीस अंडी एवढा महिन्याचा शिधा धरला, तर त्यातून दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रथिने होतात. त्यातला तिसरा हिस्सा घरात इतरांनी खाल्ला तरी रुग्णाच्या वाट्याला हवे तेवढे उरते. धान्य यात मुद्दाम धरलेले नाही, कारण ज्वारी, गहू किंवा तांदूळ रेशनवर किंवा घरचा असतो. घरात नसतात ते डाळ, तेल आणि शेंगदाणे. अंडी खात नसतील तर दुधाचे पैसे द्यावेत. शेंगदाणे मात्र निवडून घ्यावेत. खवट किंवा बुरशी धरलेले दाणे यकृताला घातक असतात, आणि स्वस्तात मिळालेल्या पोत्यात ते हमखास निघतात.

हे सामान कसे खायचे, ते सांगण्यात वेळ घालवावा. ज्याला भाकरी चावत नाही आणि तिखट सोसत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडच्या ज्वारीच्या कण्यांइतके चांगले अन्न मला माहीत नाही. कण्या मऊ शिजवाव्यात, उतरवताना दोन चमचे शेंगदाण्याचा बारीक कूट आणि चमचाभर तेल घालावे, खाली येऊन कोमट झाल्यावर गूळ किंवा दूध मिसळावे. वाटीभर कण्यांत असा कूट आणि तेल पडले की तेवढ्याच घासांत ऊर्जा दीडपट होते, आणि ज्याला चार घासांच्या पुढे जात नाही त्याच्यासाठी हीच गोष्ट मोलाची असते. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. पाणी उकळून प्यावे, अंडे पूर्ण उकडावे, कच्चे दूध आणि कच्ची मोड आलेली कडधान्ये सीडी-४ फार कमी असताना टाळावीत. जुलाब चालू असतील तर मुगाची पातळ खिचडी, ताकभात आणि ओआरएस यांवर भर द्यावा.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. ज्याचा इंडेक्स १६ च्या खाली आहे किंवा जो कित्येक दिवस जवळपास उपाशी आहे, त्याला पहिल्याच आठवड्यात भरमसाट खाऊ घालू नये. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतात, आणि हृदय त्या धक्क्याने बंद पडू शकते. खाण्याचे प्रमाण आठवडा-दहा दिवसांत पायरीपायरीने वाढवावे. पाय सुजले, धाप लागली किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे झाले, तर त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. असा माणूस शक्यतो सुरुवातीला भरती असलेलाच बरा.

गोळी आणि जेवण यांच्या नात्याबद्दल गावोगाव जो गैरसमज आहे, त्याने केलेले नुकसान मी इतके पाहिले आहे की हा परिच्छेद कार्यकर्त्यांनी प्रत्येकाला वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. आज उपचाराच्या पहिल्या फळीत बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी मिळते, तिला सगळे टीएलडी म्हणतात. ही गोळी जेवून घेता येते, न जेवताही घेता येते. पण ‘गोळी गरम पडते, उपाशीपोटी घेतली तर आतडी जळतात’ हे डोक्यात पक्के बसलेले असते, म्हणून ज्या दिवशी घरात चूल पेटत नाही त्या दिवशी गोळीही राहते. त्याच समजुतीने अंडी, गूळ, शेंगदाणे, मेथी हे ‘गरम’ म्हणून बंद केले जाते, म्हणजे ज्या पदार्थांनी माणूस उभा राहणार तेच ताटातून जातात. दुसरी बाजू अशी की औषध लागू पडले की दोन-तीन आठवड्यांत भूक खवळते. ती चांगली खूण आहे. पण घरात खायला नसेल तर ती भूक सहन होत नाही आणि माणूस गोळीलाच दोष देऊन ती थांबवतो. पहिल्या महिन्यात शिधा पोहोचला तर या दोन्ही गोष्टी टळतात.

लोह आणि कॅल्शियम यांच्याबाबत मात्र सावध राहावे लागते. या क्षारांना डोल्युटेग्रॅव्हिर पोटातच बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते. म्हणून रिकाम्या पोटी घ्यायचे असेल तर टीएलडी ही लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. पोटभर जेवणाबरोबर मात्र लोह किंवा कॅल्शियम आणि टीएलडी एकत्र घेतले तरी चालते. ॲसिडिटीसाठी जे गुलाबी औषध बाटलीतून मिळते, त्यातील मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम जेवणाबरोबरही चालत नाही, तिथे अंतर ठेवलेच पाहिजे. गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळते, आणि तिथल्या ताईंना तिच्या टीएलडीबद्दल ठाऊक असेलच असे नाही. तिला सोपे वेळापत्रक द्यावे : लोह सकाळी खाल्ल्यानंतर, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, टीएलडी रात्री झोपताना. क्षार मिसळलेल्या पावडरींनाही हाच नियम लागू आहे, आणि डबे न देण्याचे हे आणखी एक कारण आहे. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन सुरू झाले की डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. ती मिळते आहे का, हे पाहण्यासारखे आहे.

चाळिसांतल्या काहींची अडचण उलट असेल. डोल्युटेग्रॅव्हिर आल्यापासून वजन वाढणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, संख्या लक्षात येण्याइतकी आहे. ‘वजन वाढले म्हणजे औषध मानवले’ असे लोक समजतात, आणि ज्यांनी आपल्या घरातली माणसे झिजताना पाहिली आहेत त्यांना वजन कमी करा म्हणणे जड जाते. तरी इंडेक्स २३ च्या पुढे गेला की रक्तदाब आणि साखर तपासावी, आणि अशांना पोषणाचा डबा मुळीच देऊ नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हे गावातल्या खासगी डॉक्टरांना सांगावे लागते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी जादा प्रथिने किंवा भस्मे-काढे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण टेनोफोव्हिरचा भार आधीच मूत्रपिंडावर असतो.

मुलांसाठी वजन-उंचीच्या तक्त्यांसोबत दंडाचा घेर मोजावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे, संस्थेच्या शिध्यावर विसंबू नये. औषध नियमित घेणाऱ्या आईने बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नासोबत ते चालू ठेवावे. भीतीपोटी पावडरचे दूध सुरू केलेली बाळे जुलाबाने खंगलेली मी पाहिली आहेत.

आता उरलेल्या तीस जणांकडे वळते, कारण संस्थेच्या कार्यकर्त्यांचा घाम जिथे गाळायचा ती जागा ही आहे. अंत्योदय योजनेत कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, आणि २००९ मध्ये केंद्र सरकारने एचआयव्हीबाधितांची दारिद्र्यरेषेखालील पात्र कुटुंबे या योजनेत धरावीत असे कळवलेले आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या पुरवठा शाखेत ‘इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थी-संख्या) संपला आहे’ हे उत्तर मिळते. तेव्हा निदान प्राधान्य कुटुंब यादीत सर्वांची नावे आहेत का, ई-केवायसी राहिल्यामुळे कोणाचे नाव गळले का, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढले का, हे पाहावे. त्यातून माणशी ५ किलो मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्स आणि क्षयरोग या दुर्धर आजारांचा उल्लेख आहे आणि महिन्याला १५०० रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांसाठी तलाठी, सेतू केंद्र आणि रुग्णालय असे फेरे होतात, आणि रोजंदारीवरची बाई तिसऱ्या फेरीला नाद सोडते. तिच्यासोबत जाणारा एक कार्यकर्ता आणि तिची बुडालेली मजुरी एवढ्या खर्चातून तिला वर्षाला १८ हजार रुपयांचा आधार मिळतो. असा परतावा कुठल्याच डब्यातून मिळणार नाही. क्षयरोग असलेल्यांना निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, त्यासाठी बँक खाते नीट जोडलेले आहे का ते तपासावे. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेची चौकशी बालकल्याण समितीकडे करावी.

हे सर्व करताना गुप्तता मोडता कामा नये. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती कोणाला सांगता येत नाही. शिध्याच्या पिशवीवर संस्थेचे नाव छापू नये, वाटपाचे फोटो काढू नयेत, ठरावीक तारखेला सर्वांना एका ठिकाणी बोलावू नये. ज्या गावात संस्थेचे काम सगळ्यांना माहीत आहे तिथे दारात थांबलेली संस्थेची गाडीसुद्धा पुरेशी बोलकी असते. शिधा केंद्रातल्या औषधाच्या दिवशीच साध्या पिशवीत द्यावा, किंवा तालुक्याच्या किराणा दुकानातून माणसाने स्वतः न्यावा अशी सोय लावावी. अंगणवाडीत नाव नोंदवताना मुलाचे वजन कमी आहे एवढे कारण पुरते.

बीडमध्ये काम करायचे तर ऊसतोडीचा विचार टाळता येत नाही. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, फडात दुपारी कोरडी भाकरी आणि चटणी खायची, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भरून आल्यावर रात्री उशिरा जेवायचे, असा तिथला दिवस असतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेपर्यंत मुकादमाकडून सुट्टी मिळत नाही. खंगलेल्या माणसाने त्या हंगामात जाऊ नये असे म्हणणे सोपे आहे, पण घेतलेली उचल परत कोण करणार? म्हणून निघण्याआधी केंद्रातून तीन महिन्यांच्या गोळ्या घ्याव्यात, जिथे जायचे त्या जिल्ह्यातील केंद्राचा पत्ता ग्रीन बुकवर लिहून घ्यावा, आणि रेशनकार्ड तिथल्या दुकानात चालते हे नवरा-बायको दोघांनाही समजावून सांगावे. शिध्यातले शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ निघतानाच हंगामाच्या बेताने द्यावेत, कारण फडात चूल न पेटवता खाता येते ते एवढेच. कूट आणि गुळाचे घट्ट लाडू बांधून दिले तर पंधरा दिवस टिकतात, आणि दोन लाडवांत सुमारे ३०० किलोकॅलरी मिळतात.

शेवटचा प्रश्न होता किती दिवस. सुरुवात करतानाच सहा महिने असे सांगावे आणि ती तारीख लिहून द्यावी. आधीच समजले तर शिधा थांबण्याचा घाव बसत नाही, आणि त्या सहा महिन्यांत अनुदान आणि रेशन मार्गी लावण्याची घाईही आपल्याला राहते. दर महिन्याला त्याच काट्यावर, चपला काढून वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. इंडेक्स १८.५ च्या वर जाऊन सलग तीन महिने टिकला, व्हायरल लोड दबला आणि माणूस कामाला जाऊ लागला, तर सहा महिन्यांच्या आधीही शिधा थांबवून यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावा. दोन महिन्यांत वजन अजिबात हलले नाही तर शिधा वाढवू नये. माणसाला पुन्हा डॉक्टरांसमोर बसवावे, आणि घरी जाऊन तो शिधा कोण खाते आहे हे कोणाला ओशाळे न करता विचारून घ्यावे. सहा महिन्यांनंतरही इंडेक्स १७ च्या खाली असलेल्यांसाठी मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवता येईल एवढी रक्कम आतापासूनच बाजूला ठेवावी.